ठिबकचं अनुदान: अर्जापासून खात्यात पैसे पडेपर्यंत

ठिबकच्या अनुदानात शेतकऱ्याला नडतात त्या तारखा. जमीन स्वतःची, विहिरीला पाणी, पीकही बसणारं, आणि तरी फाइल परत येते. कारण बिल पूर्वसंमतीच्या, म्हणजे खरेदीसाठी कृषी खात्याने दिलेल्या परवानगीच्या, आधीचं असतं, किंवा आधार बँकेला जोडलं गेलं ते दुसऱ्याच खात्याला. योजनेचा क्रम ठरलेला आहे: आधी फार्मर आयडी, मग अर्ज, निवड, कागद, पूर्वसंमती, खरेदी, बिल, मोका तपासणी (शेतावर येऊन केलेली पाहणी) आणि शेवटी पैसे. यातली एक पायरी पुढेमागे झाली तर दुरुस्ती फार अवघड जाते. दुकानदार घाई करत असतो, पेरणी तोंडावर आलेली असते, आणि चूक नेमकी तेव्हाच होते.

किती मिळतं आणि कशावर मिळतं

केंद्राची योजना ‘प्रति थेंब अधिक पीक’. २०१५-१६ पासून ती प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेत होती, २०२२-२३ पासून राष्ट्रीय कृषी विकास योजनेखाली आली. तिच्यातून अल्प व अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि बाकीच्यांना ४५ टक्के अनुदान मिळतं. महाराष्ट्रात त्यावर मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून पूरक अनुदान आहे: लहान शेतकऱ्याला आणखी २५ टक्के, मोठ्याला आणखी ३० टक्के. बेरीज अनुक्रमे ८० आणि ७५ टक्के.

एक हेक्टरपर्यंत जमीन असलेला अत्यल्प भूधारक, दोन हेक्टरपर्यंतचा अल्प भूधारक. इथे मोजली जाते ती आठ-अ वरची, म्हणजे खातेउताऱ्यावरची, एकूण जमीन. दुसऱ्या गावात वडिलोपार्जित अर्धा हेक्टर नावावर असेल तर तोही धरला जातो. फार्मर आयडीमुळे गावोगावची जमीन एकाच ठिकाणी दिसते, तेव्हा ‘तिकडचं कोण बघतंय’ हा हिशेब आता चालत नाही.

खरी गफलत होते ती टक्केवारी कशाची यात. ८० टक्के बिलाचे मिळत नाहीत. शासनाने लॅटरलच्या, म्हणजे पिकाच्या ओळीतून जाणाऱ्या ठिबक नळ्यांच्या, प्रत्येक अंतरासाठी हेक्टरी खर्चाचा मापदंड ठरवलेला असतो, आणि मापदंड व प्रत्यक्ष बिल यांत जी रक्कम कमी असेल तिच्यावर टक्केवारी लागते. उदाहरणापुरतं धरा की तुमच्या क्षेत्राचा मापदंड १,००,००० रुपये निघाला आणि बिल झालं १,१५,००० रुपयांचं. अल्प भूधारकाला मिळतील ८०,०००. खिशातून गेले ३५,०००, म्हणजे बिलाच्या जवळपास ३० टक्के. तेच बिल ९०,००० चं झालं असतं तर अनुदान ७२,००० आणि खिशातले १८,०००. ‘फक्त वीस टक्के भरा’ असं दुकानदार म्हणतो तेव्हा तो मापदंडाच्या वरचा भाग धरत नाही, किंवा तो कुठून तरी दुसरीकडून काढणार असतो.

लाभाची कमाल मर्यादा एका शेतकऱ्याला ५ हेक्टर. ज्या क्षेत्रावर एकदा अनुदान घेतलं तिथे पुन्हा सात वर्षांनंतरच. जमीन नुकतीच विकत घेतली असेल तर आधीच्या मालकाने त्या गटावर ठिबक घेतलं होतं का, हे त्याला आणि गावच्या कृषी सहायकाला आधी विचारून घ्या. (कृषी सहायकाचं पदनाम आता सहायक कृषी अधिकारी झालंय. गावात अजून कुणी तसं म्हणत नाही, म्हणून इथेही जुनंच नाव वापरलंय.)

अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि अनुसूचित जमातींसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आहे. त्यांतून विहीर, पंप, शेततळ्याचं अस्तरीकरण यांच्या जोडीला ठिबकलाही मदत मिळते. ही कामं जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडे असतात, म्हणून चौकशी पंचायत समितीतल्या कृषी अधिकाऱ्याकडे करायची. तालुका कृषी अधिकाऱ्याचं कार्यालय वेगळं, ते राज्य शासनाचं. चुकीच्या दारात दोन चकरा होतात त्या इथेच.

अर्जाआधी चार कागद

पहिला फार्मर आयडी. ॲग्रिस्टॅकमधला, म्हणजे शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीतला, हा ११ अंकी क्रमांक एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी सक्तीचा आहे आणि महाडीबीटी या अर्जाच्या सरकारी पोर्टलवर प्रवेशही त्यानेच होतो. तो काढताना सगळे गट जोडले गेलेत का ते पाहा. एखादा गट सुटला तर त्या गटावर अर्जच करता येणार नाही. आयडी काढून झाला म्हणून निर्धास्त राहू नका, मंजूर झालाय का ते तपासा.

दुसरा सातबारा. आयडी जोडल्यामुळे उतारे वारंवार जोडायची कटकट कमी झाली, तरी डिजिटल सहीचा ताजा उतारा काढून नीट वाचा. तो १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. तीन गोष्टी बघायच्या. नाव आधारवरच्या नावाशी जुळतं का: ‘बाळू’ आणि ‘बाळासाहेब’ हा फरक तुम्हाला किरकोळ वाटतो, संगणकाला वाटत नाही. सिंचनाचं साधन, म्हणजे विहीर, बोअर किंवा शेततळं, नोंदलंय का. आणि खातं सामाईक आहे का. सामाईक असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. ते भाऊबंदांकडून आधीच लिहून घ्या. निवडीचा मेसेज आल्यावर पुण्याच्या भावाची सही आणायला निघालात तर मुदत रस्त्यातच संपते.

विहिरीची नोंद नसेल तर तलाठ्याकडे, म्हणजे ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज करून ती लावून घ्या. हंगामात ई-पीक पाहणीही स्वतः मोबाइलवर करा. ऊस लावलाय आणि उताऱ्यावर सोयाबीन दिसतंय, हे तपासणीत विनाकारण प्रश्न उभे करतं.

तिसरं बँक खातं. अनुदान थेट आधाराशी जोडलेल्या खात्यात जमा होतं. ‘खात्याला आधार लिंक आहे’ हे बँकेचं उत्तर पुरेसं नाही. पैसे जातात ते एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणारी संस्था) नोंदीत शेवटी जोडलेल्या खात्यात. घरातल्या कुणी मधे एखाद्या पेमेंट बँकेचं खातं अंगठा लावून उघडलं असेल तर जोडणी तिकडे गेलेली असते. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग’ची स्थिती पाहता येते. तिथे ज्या बँकेचं नाव दिसेल, पैसे त्याच बँकेत पडतील. ते खातं बरीच वर्षं व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेलं नाही ना, हेही बघा.

चौथा जातीचा दाखला, लागू असेल त्यांनाच.

पाणी मोजल्याशिवाय आराखडा करू नका

अनुदान मिळतंय म्हणून पूर्ण क्षेत्राचा अर्ज करणं आणि मग पाणी न पुरणं, हे जागोजागी दिसतं. तेव्हा आधी पंपाचं पाणी मोजा. २०० लिटरचा पिंप घ्या, पंप पाच-दहा मिनिटं चालू द्या म्हणजे धार स्थिर होईल, मग पिंप किती सेकंदात भरतो ते बघा. २५ सेकंदांत भरला तर सेकंदाला ८ लिटर, म्हणजे तासाला २८,८०० लिटर. हे एप्रिल-मेमध्ये मोजलेलं खरं. पावसाळ्यातल्या धारेवर संच आखलात तर उन्हाळ्यात शेवटच्या ओळी कोरड्या राहतील. ही धार उघड्या तोंडाची आहे. फिल्टर आणि दाब जोडल्यावर ती कमी होते, म्हणून थोडी सूट ठेवा.

आता गरज काढा. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. लॅटरलमधलं अंतर दीड मीटर, म्हणजे साधारण पाच फूट, ठेवलं तर नळी लागते १०,००० भागिले १.५ बरोबर ६,६६७ मीटर. ड्रीपर, म्हणजे थेंब सोडणारी तोटी, दर ६० सेंटिमीटरवर धरले तर ११,१११ ड्रीपर, आणि प्रत्येकी ताशी ४ लिटर धरलं तर एका तासाला ४४,४४४ लिटर. आपला पंप देतोय २८,८००. म्हणून हेक्टरचे दोन भाग, प्रत्येकी ५० आरचे, २२,२२२ लिटरचे, आणि दोन व्हॉल्व्ह. एकाच व्हॉल्व्हवर अख्खा हेक्टर दाखवणारा आराखडा कुणी हातात दिला तर त्यावर सही करू नका.

हाच हिशेब १.२ मीटरला केला तर नळी ८,३३३ मीटर होते, आणि ५ मीटरच्या फळबागेला फक्त २,०००. नळी जितकी जास्त तितका मापदंड जास्त. म्हणून अर्जात लिहिलेलं अंतर, आराखड्यातलं अंतर आणि शेतातलं अंतर एकच हवं. कागदावर १.२ आणि शेतात दीड असेल तर तपासणीला टेप लावल्यावर ते लगेच उघडं पडतं. बागेत झाडाच्या दोन्ही बाजूंनी दोन नळ्या टाकायच्या असतील तर तसं आराखड्यात दाखवा आणि अनुदान कोणत्या अंतराच्या मापदंडाने निघणार हे आधी कृषी सहायकाला विचारा. नाहीतर दुसऱ्या नळीचा खर्च पूर्ण तुमचा.

पाइपांचे आकार आराखड्यात बघायला विसरू नका, कारण दुकानदाराची बचत तिथेच होते. २२,००० लिटर ताशी म्हणजे सेकंदाला सुमारे ६ लिटर. एवढं पाणी ६३ मिलिमीटरच्या पाइपातून एका टोकाने ढकललं तर वेग सेकंदाला दोन मीटरच्या वर जातो. पीव्हीसीत तो दीड मीटरच्या आसपास थांबलेला बरा, नाहीतर दाब वाटेतच मरतो. मेन लाइन ९० मिलिमीटरची घ्या आणि सबमेनला, म्हणजे मेनमधून लॅटरलना पाणी वाटणाऱ्या पाइपाला, पाणी मधोमध द्या. मग दोन्ही बाजूंना तीन-तीन लिटर वाटलं जातं आणि तिथे ६३ मिलिमीटर चालून जातं. १६ मिलिमीटरची लॅटरल, ६० सेंटिमीटरवर ४ लिटरचा ड्रीपर असेल तर सबमेनपासून साधारण ५० मीटरच्या पुढे नेऊ नका. जास्त लांब न्यायची असेल तर ड्रीपर कमी प्रवाहाचा घ्यावा लागतो. कंपनीकडे याचा तक्ता असतो, तो मागा.

फिल्टर पाण्यावर ठरतो. बोअरमधून वाळू येत असेल तर आधी हायड्रोसायक्लोन (पाणी गरगर फिरवून वाळू वेगळी करणारा), मग जाळीचा फिल्टर. शेततळं, कालवा, नदी इथे शेवाळ असतं, तिथे वाळूचा फिल्टर आणि त्यामागे जाळीचा. शेततळ्याच्या पाण्याला नुसता जाळीचा फिल्टर लावला तर तो दर अर्ध्या तासाला धुवावा लागेल, आणि कंटाळून कुणीतरी जाळीच काढून ठेवेल. त्या हंगामात ड्रीपर बुजलेच म्हणून समजा.

अर्ज भरताना

महाडीबीटीवर शेतकरी योजनांत ‘सिंचन साधने व सुविधा’ हा घटक निवडायचा. अर्जाचं शुल्क २३ रुपये ६० पैसे. ते भरल्याशिवाय अर्ज सादर झालेला नसतो. माहिती भरून बाहेर पडलेले आणि ‘अर्ज केलाय’ म्हणून वाट पाहणारे लोक दर वर्षी निघतात. पावती डाउनलोड करून ठेवा.

पूर्वी संगणकीय सोडत होती. २०२५-२६ पासून ‘प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ हे धोरण आलं. त्यामुळे अर्जाच्या तारखेला किंमत आली. चुकीचा गट टाकला म्हणून अर्ज रद्द करून नव्याने भरलात तर रांगेतली जुनी जागा गेली. म्हणून गट क्रमांक, क्षेत्र आणि अंतर कागदावर लिहूनच केंद्रावर जा. सेवा केंद्रातला मुलगा अंदाजाने क्षेत्र टाकतो, आणि आर व एकर यांत त्याची गल्लत झालेली पुढे तुम्हाला निस्तरावी लागते. ४० आर म्हणजे साधारण एक एकर, १०० आर म्हणजे एक हेक्टर.

मोबाइल क्रमांक स्वतःचाच द्या. दुकानदाराचा दिलात तर निवडीचा मेसेज, ओटीपी आणि पुढचा सगळा कारभार त्याच्या हातात गेला.

निवड झाली की मेसेज येतो आणि कागद चढवायची मुदत सुरू होते. ती उलटली की निवड रद्द होते. मेसेज चुकू शकतो, म्हणून आठवड्यातून एकदा पोर्टलवर स्वतः अर्जाची स्थिती पाहा. कागदांत त्रुटी काढली तर तीही तिथेच दिसते. कोटेशन चढवताना दर तपासा: २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक संचावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. जुन्या दराचं कोटेशन अजून कुणी देत असेल तर बदलून घ्या.

पूर्वसंमती हातात आल्याशिवाय एक रुपयाही नको

इथे थोडं थांबून वाचावं. पूर्वसंमती म्हणजे ‘तुम्ही आता खरेदी करू शकता’ असं तालुका कृषी अधिकाऱ्याकडून आलेलं पत्र. निवडीचा मेसेज म्हणजे पूर्वसंमती नव्हे. बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या नंतरचीच हवी. ‘माल आत्ता न्या, बिल नंतरच्या तारखेचं देतो’ असं सांगणारे दुकानदार भेटतात. तोवर मंजुरीचं लक्ष्य संपलं किंवा कागदात त्रुटी निघाली, तर संच शेतात आणि पूर्ण खर्च तुमच्या डोक्यावर. दुकानदाराचं काहीच जात नाही.

पत्र आलं की त्यावरची मुदत बघा. एवढ्या दिवसांत संच बसवून बिल पोर्टलवर चढवायचं असतं. काही अडचण असेल, उभं पीक काढायचं असेल, तर मुदत संपायच्या आत कृषी कार्यालयात लेखी कळवा आणि पोच घ्या.

खरेदी शासनाकडे नोंदलेल्या कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच करायची. दुकानात नळीचं भेंडोळं उलगडून बघा. इनलाइन, म्हणजे आतच ड्रीपर बसवलेल्या, नळीवर कंपनीचं नाव, आयएस १३४८८, आकार, क्लास, ड्रीपरचं अंतर आणि प्रवाह ठरावीक अंतरावर छापलेले असतात. साध्या लॅटरलला आयएस १२७८६, वरून बसवायच्या ड्रीपरला आयएस १३४८७. छपाई नसलेली नळी स्वस्त मिळते, पण तपासणीत बाद होते आणि उन्हात लवकर तडकते. बिलात ‘ठिबक संच १ नग’ असं मोघम चालत नाही. नळी किती मीटर, कोणत्या क्लासची, फिल्टर कोणता, व्हॉल्व्ह किती, व्हेंचुरी (पाण्यातून खत सोडायचं साधन) आहे का, सगळं ओळीने यायला हवं. पैसे बँकेतून द्या, रोख नको. आरटीजीएस किंवा चेकची नोंद पुढे वाद झाला तर तुमच्या बाजूने बोलते.

बसवल्या दिवशी

आधी मेन आणि सबमेन उघड्या तोंडाने धुवून घ्यायची. पीव्हीसी कापताना पडलेला भुसा आत राहिला तर पहिल्याच दिवशी ड्रीपरमध्ये जातो. मग लॅटरलची टोकं उघडून पाणी सोडा, स्वच्छ धार आली की टोपणं लावा. दाबमापक बघा: ड्रीपरच्या ओळीत चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आसपास दाब हवा.

मग साधं मापन. एक मापपात्र घ्या, ड्रीपरखाली छोटा खड्डा करून ठेवा आणि तीन मिनिटं पाणी धरा. ताशी ४ लिटरचा ड्रीपर तीन मिनिटांत २०० मिलिलिटर देतो. सबमेनजवळचा एक, मधला एक आणि शेवटच्या ओळीतला सगळ्यात टोकाचा एक, असे तीन मोजा. २००, १९५, १८५ असं आलं तर काम ठीक. टोकाला १४० आलं तर कुठेतरी पाइप लहान पडलाय किंवा ओळ लांब झालीय. हे मापन फिटर शेतात असताना करा, तो निघून गेल्यावर परत येत नाही.

बिल आणि मोका तपासणी

पोर्टलवर बिल, संचाचा आराखडा व प्रमाणपत्र आणि तुमचं हमीपत्र चढतं. त्यानंतर कृषी सहायक शेतावर येतो. तो क्षेत्र मोजतो, साहित्य बिलाशी ताडून बघतो आणि शेतकऱ्यासह जागेची नोंद असलेला फोटो काढतो. त्या दिवशी नळ्या पसरलेल्या आणि संच चालू असला पाहिजे. पीक काढून नळ्या गुंडाळून बांधावर ठेवल्या असतील तर तपासणी होत नाही. तपासणीआधी मशागत उरकून घेण्याचा मोह टाळा. लाइटचं वेळापत्रक बघूनच दिवस ठरवा.

मोजणीत जेवढं क्षेत्र निघेल तेवढ्यावरच अनुदान. ९० आरचा अर्ज आणि ठिबकखाली भरलं ८० आर, तर हिशेब ८० चा. बांध, रस्ता, विहिरीचा घेर सोडून क्षेत्र धरलं असतं तर हा फरक पडला नसता. साहित्य बिलापेक्षा कमी निघालं तर बिलच दुरुस्त करावं लागतं आणि फाइल पुन्हा मागे जाते.

न बसवलेल्या संचाचं बिल करून अनुदान वाटून घ्यायची ऑफर आली तर तिच्यापासून लांब राहा. अर्ज, आधार, खातं सगळं तुमच्या नावाचं असतं, वसुलीही तुमच्याच नावाने येते.

पैसे कधी येतात

लगेच येत नाहीत. निधी उपलब्ध होईल तसे येतात आणि काही महिने लागणं ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणून संचाचे पूर्ण पैसे आधी स्वतः घालायची तयारी ठेवूनच उतरा. ‘दिवाळीपर्यंत अनुदान येईल’ या भरवशावर सावकाराकडून किंवा दुकानदाराच्या व्याजाने पैसे उचलले तर अनुदानाचा मोठा हिस्सा व्याजातच जातो. बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज स्वस्त पडतं का, ते अर्जाच्या आधी बघा.

केंद्राच्या योजनेचा हिस्सा आणि राज्याचं पूरक अनुदान वेगवेगळ्या दिवशी पडू शकतात. ५५ टक्केच आले म्हणून घाबरायचं कारण नाही. उरलेले २५ दुसऱ्या योजनेच्या नावाने येतात. पासबुकात दोन्ही नोंदींवर खूण करून ठेवा.

दोन्ही हिस्से अडले तर आधी पोर्टलवर फाइल कोणाच्या टेबलावर आहे ते पाहा. तालुक्यात अडली असेल तर तालुका कृषी अधिकाऱ्याला लेखी अर्ज, मंजूर होऊन पैसे अडले असतील तर जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्याकडे. पोर्टलवर ‘पैसे पाठवले’ दिसतंय आणि खात्यात नाहीत, तर पुन्हा बँक सीडिंग तपासा. बहुतेक वेळा घोळ तिथेच निघतो. तरीही उत्तर मिळत नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज द्या. त्याला ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. त्यात ‘माझं अनुदान का नाही’ असं विचारू नका. अर्ज क्रमांक लिहून, मोका तपासणी अहवालाची प्रत, प्रस्ताव कोणत्या तारखेला कोणत्या अधिकाऱ्याकडे गेला त्याची नोंद, आणि तुमच्या तालुक्याला त्या वर्षी मिळालेला व वाटलेला निधी, एवढंच मागा.